घरचा पोकर: आठ जण, बिनपैशांचा, सव्वादहाला संपणारा

"पैसे लावल्याशिवाय पोकरला काय मजा?" असं मला प्रत्येक नवा मेंबर विचारतो. विचारणारा बहुतेक वेळा तीन पत्तीवर वाढलेला असतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पैसे काढून टाकले आणि बाकी काहीच बदललं नाही, तर मजा येत नाहीच. चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, फुकटच्या आहेत हे कळल्यावर माणूस दुर्री-सत्तीसारख्या फालतू पत्त्यांवर ऑल-इन करतो, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतो, हरतो, हसतो आणि "अजून दे गं" म्हणून हात पुढे करतो. असा डाव तासाभरात मरतो. पण चिपला किंमत यायला नोटच लागते असं कुठे आहे? चिप्स मोजक्या असाव्यात, संपल्या की सहज परत मिळू नयेत, आणि संपल्यावर खुर्ची सोडून बाकीच्यांसाठी पत्ते वाटत बसायला लागावं. एवढं केलं की ऑफिसात हजारांची बिलं न वाचता सही करणारा माणूस शंभराची चिप ढकलताना दोन मिनिटं विचार करतो.

मी मुलुंड पूर्वेला राहते, ऑडिटमध्ये आहे, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार चालवते. धाकटे दीर, नणंद, खालच्या मजल्यावरचे काका-काकू, ऑफिसातले दोघं, दादरहून येणारी मैत्रीण आणि मी, असे आठ. आमचे अहो खेळत नाहीत. ते मुलाला घेऊन आजीकडे जातात. या खेळातला त्यांचा वाटा एवढाच, पण तो मोठा आहे.

पैसे का नाहीत, हे एकदाच सांगून टाकते. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा १८८७ सालचा कायदा आजही लागू आहे. एखादी जागा जुगाराचा अड्डा ठरते की नाही, हे पाहताना तो कायदा विचारतो की जागेच्या किंवा साहित्याच्या मालकाला त्या खेळातून काही सुटतं का. म्हणजे दर पॉटमधून, मध्ये जमलेल्या ढिगातून, "चहापाण्याचे" म्हणून दहा-वीस रुपये बाजूला काढायचे, ज्याला जुने लोक नाल म्हणतात, ते घरच्या खेळात सगळ्यात धोक्याचं. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्याच कायद्यात सूट आहे. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरच्या बाबतीत मात्र गुजरात हायकोर्टाने २०१७ साली उलट निकाल दिला. या वादात माझा हॉल मला घालायचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी आणली, तेव्हापासून ऑफिसातले ते दोघं, जे आधी ॲपवर खेळायचे, आमच्याकडे नियमित यायला लागले. मला काय, आठ खुर्च्या भरल्या.

आणखी एक कारण आहे, ते कायद्याचं नाही. दीर वहिनीकडून तीन हजार जिंकून गेले तर पुढच्या रविवारच्या जेवणाला घरात काय वातावरण असेल, याचा विचार करा.

वार, वेळ आणि माणसं

शनिवार संध्याकाळ सोडून दुसरा वार ठेवू नका. शुक्रवारी कुणी ऑफिसातून वेळेवर सुटत नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि मध्य रेल्वेचा तो अनेकदा नेमका माटुंगा ते मुलुंड. आमच्याकडे सातला म्हणजे सातला पहिला पत्ता पडतो. न आलेल्याच्या चिप्स त्याच्या जागेवर ठेवायच्या, त्याची पाळी आली की त्यातून ब्लाइंड, म्हणजे सक्तीची सुरुवातीची बोली, कापायचा. उशिरा येणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, त्याचा ढीग आधीच बोललेला असतो.

व्हॉट्सॲपवर पोल टाकते आणि त्या आठवड्यातल्या बुधवारी रात्री तो बंद करते. "बघतो", "ट्राय करते", "साहेबांवर आहे" ही सगळी उत्तरं नाही अशी धरायची. आठ उत्तम, नऊ चालतात. दहावा आला की कोपराला कोपर लागतं आणि पत्ते दिसतात. पाचच जण आले तर काही बदलू नका, डाव आपोआप लवकर संपतो.

कुणाला बोलवायचं? पत्ते येतात की नाही ते बघू नका, शिकवता येतात. चिप्स गेल्यावर माणूस कसा उठतो ते बघा. मेंढीकोटात भिडूवर डाफरणारा, कॅरममध्ये राणी गेल्यावर बोर्ड हलवणारा, असा मनुष्य गोड असला तरी त्याला गणपतीच्या जागरणाला बोलवा, इथे नको. दारू ठेवायची की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर. आमच्याकडे नसते, कारण साइड पॉटचा, म्हणजे डावातल्या दुसऱ्या ढिगाचा, हिशोब मला करायचा असतो.

मांडामांड

वन बीएचकेच्या हॉलमध्ये आठ जणांचं टेबल मावत नाही, म्हणून सहा जणांच्या डायनिंग टेबलावर प्लायवूडची फळी टाकते. सहा फूट बाय साडेतीन, कोपऱ्यातल्या प्लायवाल्याकडून कापून घेतलेली, कडा घासलेल्या. एरवी ती पलंगामागे उभी असते. वर पातळ फोम आणि त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड. कापड हवंच. काचेवर किंवा सनमायकावर पत्ता नखाने उचलावा लागतो आणि उचलताना शेजाऱ्याला दिसतो. जमिनीवर सतरंजी टाकून खेळायची हौस असेल तर तरुण मंडळींपुरती ठेवा. काकांचे गुडघे तासाभरात बोलायला लागतात.

पत्ते मात्र चांगले घ्या. सगळ्या खर्चात हा एकच खर्च मी कंजूषपणा न करता केला. मुंबईच्या हवेत कागदी कॅट जुलैपर्यंत टिकत नाही. पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात, कोपरे वाकतात, आणि इस्पिकच्या राणीचा कान मुडपला की ती पालथी असतानाही सगळ्यांना ओळखू येते. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतात. आकडे मोठे छापलेले बघून घ्या, म्हणजे टेबलाच्या पलीकडून काकूंना चौकटचा एक्का आणि बदामचा एक्का यांत गफलत होणार नाही. पाठीच्या दोन वेगळ्या रंगांचे दोन कॅट लागतात. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवायचा. एवढ्या एका गोष्टीने संध्याकाळी कितीतरी डाव जास्त होतात.

पंखा. याबद्दल कुणी सांगत नाही. पाचवर ठेवला तर पत्ते उलटतात आणि बंद केला तर माणसं. तीनवर ठेवा, आणि पत्ते टेबलावर सरकवत वाटा, हवेतून फेकू नका.

चिप्स ऑनलाइनही मिळतात, पण हातात घेऊन बघायच्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर खेळण्यांच्या दुकानांत फिरा. साडेअकरा ग्रॅमच्या जड चिप्सचा डबा मागा. खेळण्यातल्या हलक्या चिप्सचा ढीग नीट उभा राहत नाही. डबा उघडून रंग मोजा. आठ जणांसाठी दोन रंगांच्या किमान चौसष्ट-चौसष्ट आणि तिसऱ्याच्या बत्तीस हव्यात, आणखी थोड्या असल्या तर उत्तम. तीनशेच्या डब्यातही कधी एकाच रंगाच्या शंभर आणि बाकीच्या पन्नास-पन्नास असतात, मग आठ जणांत वाटणी बसत नाही. डीलरचं बटण, म्हणजे वाटणारा कोण हे दाखवणारी, दर डावाला डावीकडे सरकणारी खूण, म्हणून आम्ही कॅरमचा स्ट्रायकर वापरतो.

खाणं टेबलावर नाही. चिवडा नाही, शेव नाही, वेफर्स नाहीत, वडापाव तर अजिबात नाही. तेलाचा एक ठसा किलवरच्या दश्शीवर पडला की ती कायमची ओळखीची झाली. पाण्याची झाकणाची बाटली खुर्चीखाली. आठ वाजता अर्ध्या तासाची सुट्टी असते. तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने पावभाजी, नंतर साबणाने हात, मग चहा. पावभाजीचा खर्च आठांत सारखा वाटला जातो. या घरात पैसे निघतात ते तेवढ्यासाठीच.

चिप्स आणि ब्लाइंड

प्रत्येकाला वीस चिप्स: पंचवीसच्या आठ, शंभराच्या आठ, पाचशेच्या चार. बेरीज तीन हजार. टेबलावर एकूण चोवीस हजार, आणि खाली सांगितलेले दोन अपवाद सोडले तर हा आकडा शेवटपर्यंत बदलत नाही, म्हणून हिशोब तपासायला सोपा.

ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स. बटणाच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड टाकतो, त्याच्या डावीकडचा बिग ब्लाइंड. दर वीस मिनिटांनी ते वाढतात, मोबाइलवर अलार्म लावा. आमची चढण अशी: २५-५०, ५०-१००, ७५-१५०. इथे आठ वाजतात आणि सुट्टी होते. सुट्टीत पंचवीसच्या सगळ्या चिप्स गोळा करून चाराला एक शंभराची द्यायची, कारण पुढे त्या लागत नाहीत. कुणाकडे दोन-तीन उरल्या तर एक शंभराची देऊन टाका, एक उरली तर सोडा. चोवीस हजारांत थोडा फरक पडेल तो तेव्हाच लिहून ठेवा. साडेआठला पुढे १००-२००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१२००. शेवटच्या लेव्हलला टेबलावर जेमतेम वीस बिग ब्लाइंड उरतात, म्हणजे दोघांमध्ये दहा-दहा. तिथे कुणी फार वेळ लपून बसू शकत नाही. दहा-सव्वादहाला निकाल लागतो आणि दादरची मैत्रीण एम-इंडिकेटर या ॲपवर लोकलची वेळ बघून आरामात निघते.

ही चढण हे माझ्या खेळाचं हृदय आहे. पैशाच्या खेळात माणूस रात्रभर चांगल्या पत्त्यांची वाट बघू शकतो. इथे वाट बघायचं भाडं दर वीस मिनिटांनी वाढतं.

एकदा सगळ्या चिप्स गेल्या तर? विरारहून आलेला माणूस पावणेआठला बाहेर पडला तर त्याने काय करायचं, हा स्पर्धेसारख्या खेळातला खरा प्रश्न आहे. आमचा नियम: सुट्टीपर्यंत एकदाच परत बसता येतं, पाचशेच्या सहा चिप्स मिळतात, पण त्या दिवशीचे त्याचे गुण निम्मे होतात. अर्थात तेवढ्याने टेबलावरची एकूण बेरीज तीन हजारांनी वाढते, तेही लिहायचं. सुट्टीनंतर बाहेर गेलेला पहिला माणूस डीलर होतो. दुसरा घड्याळ सांभाळतो. तिसऱ्यानंतरचे बाल्कनीत बदामसात मांडतात, आणि कधीकधी तिथला आरडाओरडा आतल्यापेक्षा जास्त असतो.

एक डाव कसा चालतो

नवख्यांसाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे. बिग ब्लाइंडच्या डावीकडून बोली सुरू: फोल्ड म्हणजे पत्ते टाकून गप्प बसणं, कॉल म्हणजे बरोबरी, रेझ म्हणजे वाढवणं. बोली मिटली की वरचा एक पत्ता पालथाच बाजूला टाकायचा आणि मध्ये तीन पत्ते उघडायचे, तो फ्लॉप. आता बटणाच्या डावीकडून पुन्हा बोली. मग तसाच एक पत्ता, टर्न. बोली. मग शेवटचा, रिव्हर. बोली. हातातले दोन आणि मधले पाच, अशा सातांतून ज्याचे उत्तम पाच तो जिंकला. मधले पाचच सगळ्यांना उत्तम असतील तर पॉट वाटून घ्यायचा.

हाताची चढती भाजणी: नुसता मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, स्ट्रेट म्हणजे पाचांची रांग, फ्लश म्हणजे पाच एकाच रंगाचे, फुल हाउस म्हणजे तीन आणि दोन, चार सारखे, आणि सर्वात वर एका रंगाची रांग. हे मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावा. टेबलावर ठेवलंत तर नवखा त्या कागदाकडे बघतो आणि बाकीचे सात जण नवख्याकडे.

तीन पत्तीवाल्यांची पहिली भांडणं इथेच होतात, आणि तुमच्याकडेही होणार. तीन पत्तीत रांग कलरला मारते, पोकरमध्ये फ्लश स्ट्रेटला मारतो. "हे उलटं कसं?" काका विचारतात. उलटं नाही, मोजून ठरवलेलं आहे. तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात, त्यांत साध्या रांगा ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे रांग दुर्मीळ. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात, त्यांत साध्या रांगा १०,२०० आणि फ्लश ५,१०८. इथे फ्लश दुर्मीळ. काका निवृत्त बँकवाले आहेत, आकडे दाखवल्यावर त्यांनी वाद मिटवला.

दुसरं भांडण एक्का-दुर्री-तिर्रीचं. तीन पत्तीत बऱ्याच घरांत ती रांग फार वर धरतात. इथे एक्का ते पंजी ही सगळ्यात छोटी रांग, दश्शी ते एक्का सगळ्यात मोठी, आणि राजा-एक्का-दुर्री अशी गोल रांग नसतेच. तिसरं, रंगांत लहानमोठं नाही. इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक्का सारखेच. जोडी सारखी निघाली तर उरलेला मोठा पत्ता निकाल लावतो, त्याला किकर म्हणतात. आणि तीन पत्तीतला "साइड शो", म्हणजे दोघांनीच आपसात पत्ते ताडून बघणं, कुणाला हळूच मागायची सोय नाही.

थोडं गणित

नवख्याला डावपेच शिकवू नका, दोनच आकडे द्या. दोन पत्त्यांची कुठलीही जोडी साधारण सतरा वाटपांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ वाटपांत एकदा. म्हणजे चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसलात तर ब्लाइंडच खातील, आणि प्रत्येक वेळी खेळलात तर बाकीचे खातील. सुरुवातीला चारातले तीन हात टाकले तरी काही बिघडत नाही.

दुसरा आकडा दोन आणि चारचा. समजा फ्लॉपनंतर तुमच्याकडे बदामचे चार झाले. गड्डीत बदामचे नऊ उरले. नऊ गुणिले चार, साधारण छत्तीस टक्के, पुढच्या दोन पत्त्यांत फ्लश लागायची शक्यता. खरा आकडा पस्तीसच्या आसपास येतो, पण तोंडी हिशोबाला पुरे. एकच पत्ता उरला असेल तर दोनाने गुणा, अठरा. खरा आकडा वीसच्या जरा खाली. आता टर्नवर समोरच्याने चिप्स टाकल्यावर पॉट तीनशे झाला आणि तुम्हाला शंभर भरायचे आहेत. शंभर भरून चारशेचा पॉट मिळणार, म्हणजे चारातून एकदा तरी जिंकायला हवं. तुम्ही पाचातून एकदा जिंकणार. टाका पत्ते. नणंदेने हा एक हिशोब पाठ केला आणि गेली दिवाळी तिने गाजवली.

आम्हा हिशोबवाल्यांना एक जुनं समाधान आहे. २००३ सालची पोकरची वर्ल्ड सिरीज क्रिस मनीमेकर नावाच्या एका अकाउंटंटने जिंकली, पंचवीस लाख डॉलर. हे मी ऑफिसातल्या दोघांना वर्षातून एकदा तरी ऐकवते.

भांडणं होतात ती या जागी

बोललं ते झालं. "कॉल" म्हटलं आणि मग पत्ते पुन्हा बघून "नाही, थांब" चालत नाही. रेझ एकाच हालचालीत करायचा. आधी शंभर ठेवायचे, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग आणखी दोनशे सरकवायचे, हे बंद. काही न बोलता पाचशेची एक चिप टाकली तर तो कॉलच धरायचा, उरलेले सुटे परत. रेझ किमान आधीच्या वाढीएवढा: कुणी पन्नासावरून दीडशे केले तर वाढ शंभराची, पुढच्याला किमान अडीचशे करावे लागतील.

पाळी नसताना फोल्ड करणं हा सगळ्यात साधा दिसणारा आणि सगळ्यात वाईट गुन्हा. काकू कंटाळून आधीच पत्ते टाकतात आणि त्यांच्या उजवीकडच्याला फुकट माहिती मिळते. गोड बोलून, पण दरवेळी सांगा. नवरा-बायको शेजारी बसत नाहीत, जागा चिठ्ठी काढून ठरतात, आणि एकमेकांचे पत्ते बघणं वर्ज्य. चालू डावावर टाकलेल्यांनी बोलायचं नाही. "अरे मी सत्ती टाकली!" हे वाक्य दुसऱ्याच्या हातातली रांग मारतं. फोन आला तर पत्ते टाकून बाल्कनीत जा. सासूबाईंचा असला तरी.

साइड पॉट कागदावर करून दाखवा. काकू पाचशेवर ऑल-इन, दीर बाराशे टाकतात, मी बाराशेला कॉल करते. प्रत्येकाचे पाचशे-पाचशे मिळून पंधराशेचा मुख्य पॉट, त्यावर तिघांचा हक्क. दिरांचे आणि माझे उरलेले सातशे-सातशे, चौदाशेचा दुसरा पॉट, त्यावर काकूंचा हक्क नाही. काकूंचा हात सगळ्यात भारी निघाला तर त्या पंधराशे घेणार, आणि चौदाशे आम्हा दोघांत ज्याचा हात बरा त्याला. आधी दुसऱ्या पॉटचा निकाल लावा, मग मुख्य. दोन ढीग टेबलावर खरोखर वेगळे करा, मनात नाही.

आणि शेवटी दोघंच उरले की नियम फिरतो, तो माहीत नसल्याने चांगले चांगले अडकतात. दोघांत बटणवालाच स्मॉल ब्लाइंड टाकतो, फ्लॉपच्या आधी तोच पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर तोच शेवटी.

नियमावर वाद झालाच तर निकाल यजमानाचा, आणि तो त्या रात्रीपुरता अंतिम. चर्चा दुसऱ्या दिवशी ग्रुपवर करा, वाटल्यास नियम बदला, पण चालू डावात नाही. यजमानीण स्वतः त्या डावात असेल तर निकाल डावाबाहेरच्या माणसाने द्यायचा.

गुणांची वही

एका शनिवारचा खेळ पुढच्या शनिवारला बांधायचा तर वही लागते. पहिल्याला दहा, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला पाच, चौथ्याला तीन, बाकी जे येऊन बसले त्यांना एक-एक. ही शीट ग्रुपवर सगळ्यांना दिसते. आमचं वर्ष दिवाळी पाडव्याला सुरू होतं, नवी वही तेव्हाच उघडायची हा धंद्यातला रिवाज मला आवडतो. वर्षभरातले प्रत्येकाचे उत्तम नऊ दिवस धरतो, बाकी सोडून देतो. हे मुंबईसाठी मुद्दाम केलं आहे. जुलैत कुर्ला-सायनला पाणी भरून गाड्या थांबल्या तर त्याची शिक्षा दादरच्या मैत्रिणीला का?

या वहीनेच पैशाचं काम केलं. दुसऱ्या क्रमांकापासून तीन गुणांवर असलेला माणूस शेवटच्या दोन महिन्यांत कसा खेळतो ते बघण्यासारखं असतं. विजेत्याला आमच्या आजेसासूबाईंचा पितळी पानाचा डबा वर्षभर आपल्या घरी ठेवायला मिळतो, आणि वर्षअखेरीचं जेवण कुठे हे तो ठरवतो. बिल आठांत. सध्या डबा नणंदेच्या टीव्हीशेजारी आहे आणि ती व्हिडिओ कॉलवर बसताना तो मागे दिसेल अशीच बसते.

आवरताना चिप्स रंगावर मोजून डब्यात भरा. पाहुणे असतानाच मोजा, एखादी कमी असली तर सगळ्यांनी मिळून सोफ्याच्या फटीत हात घालायचा. दोन्ही कॅट बावन्न-बावन्न मोजा, पत्ते पुसा, वाळवा आणि ओल शोषणाऱ्या पुडीसकट डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुड्या मी त्यासाठीच जमवते. गुण त्याच रात्री शीटवर चढवा. पुढच्या महिन्याचा पोल मात्र त्याच रात्री टाकू नका. पहिला बाहेर पडलेला माणूस शनिवारी रात्री "पुढच्या वेळी जमेलसं वाटत नाही" असं लिहितो, आणि रविवारी सकाळी चहा झाल्यावर हो म्हणतो.